कुटुंब कोण ठरवतं? कोरिया आणि अमेरिका यांच्यामधलं घर



आजचा विषय वाचून काही जणांना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, त्यातून मराठी, आणि बोलणार कोरियन माणसांच्या अमेरिकेतल्या संसाराबद्दल! तर आधी कारण सांगतो. मी चाळीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. अभ्यासक्रमात चिनी तत्त्वज्ञानाचा एक छोटासा भाग असे. कन्फ्यूशियस आला की वर्गातलं एखादं पोर हटकून विचारायचं, ‘सर, बापानं बापासारखं वागावं, मुलानं मुलासारखं, हे पुस्तकात ठीक आहे. पण असं खरंच कुणी जगलं का?’ जगले, बाबांनो. कोरियात पाचशे वर्षं अख्खं राज्य या विचारावर चाललं. आणि पुढे विसाव्या शतकात त्याच समाजातली माणसं एका अशा देशात राहायला गेली, जिथे कुटुंबाची कल्पना वेगळ्याच पायावर उभी आहे. तिथे त्यांचं काय झालं, हे वाचत वाचत मी या इतिहासात शिरलो.

या विषयावर एक शब्दप्रयोग तयारच असतो: ‘दोन संस्कृतींचा संघर्ष’. आई पूर्वेची, मुलगी पश्चिमेची, आणि मध्ये भांडण. मला हे पुरेसं वाटत नाही. भांडण असतं, नाही असं नाही. पण त्या भांडणाच्या मागे बरेचदा एक कागद असतो. व्हिसा, जन्माची नोंद, लग्नाचा दाखला, दत्तकपत्र. घरात कोण मोजायचं आणि कोण नाही, हे त्या कागदानं आधीच ठरवून टाकलेलं असतं. संस्कृती नंतर येते, त्या कागदाशी जुळवून घेत येते. आजचं माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे. आता ते तपासून पाहू.

सुरुवात कोरियातून करू. १३९२ ते १९१० या काळात तिथे जोसन घराण्याचं राज्य होतं. त्यांनी कन्फ्यूशियसची शिकवण राज्याचा पाया म्हणून स्वीकारली. या विचारात माणसामाणसांतली मुख्य नाती पाच: राजा आणि प्रजा, बाप आणि मुलगा, नवरा आणि बायको, थोरला आणि धाकटा, आणि मित्र. पाचांतली तीन घरातली. आणि मित्राचं नातं सोडलं तर बाकी सगळी उतरंडीची. माणूस आधी एकटा असतो आणि मग नाती जोडतो, असं इथे मानत नाहीत. माणूस नात्यातच जन्माला येतो. तुम्ही कोण, या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कुणाचे कोण, हेच.

पण ही ‘परंपरा’सुद्धा अनादी नाही बरं का! जोसन काळाच्या सुरुवातीपर्यंत मुलींना वारशात वाटा मिळत असे, जावई सासुरवाडीला जाऊन राहत असे. सगळं थोरल्या मुलाकडे जाणं, पितरांचे विधी त्यानंच करणं, हे साधारण सतराव्या शतकापासून घट्ट होत गेलं. पुढे जपानी राजवटीत कुटुंबाच्या नोंदवहीला आधुनिक कायद्याचं रूप आलं. ‘होजोक’ म्हणतात तिला. तिच्यात एक कुटुंबप्रमुख, बहुधा पुरुष, आणि बाकीचे त्याच्या नावाखाली. लग्न झालं की मुलीचं नाव बापाच्या नोंदीतून उठून नवऱ्याकडच्या नोंदीत जायचं. म्हणजे कागद तिथेही होताच. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मराठी माणसाला हे घर तसं परकं वाटत नाही. इंग्रजीत सगळ्या ‘आंटी’. कोरियन भाषेत मावशी वेगळी, तिला ‘इमो’ म्हणतात, आणि आत्या वेगळी, तिला ‘कोमो’ म्हणतात. आजीला ‘हालमोनी’. पण आईच्या आईला ‘वे-हालमोनी’, आणि यातल्या ‘वे’चा अर्थ बाहेरची. आपण आजोळ म्हणतो तेव्हा जीव ओला होतो. तिथे शब्दातच उंबरठा घातलेला आहे. बायको नवऱ्याला ‘यबो’ अशी हाक मारते. हा शब्द मुळात ‘इकडे बघा’ यातून आला असं मानतात. म्हणजे आपलं ‘अहो, ऐकलंत का’! किंवा मुलाच्या नावानं, अमक्याचे बाबा, अशी हाक. आणि ‘माझी आई’ असं न म्हणता ‘उरी ओम्मा’, म्हणजे आमची आई. एकुलता एक मुलगासुद्धा आमची आईच म्हणतो.

आणखी एक गंमत. लग्नानंतर कोरियन बाई आडनाव बदलत नाही. ऐकायला फार पुरोगामी वाटतं. पण त्यामागचा विचार असा की आडनाव रक्ताचं असतं, आणि सून त्या रक्ताची नव्हे. अमेरिकेत गेल्यावर अनेक बायकांनी तिथल्या रीतीप्रमाणे नवऱ्याचं आडनाव लावलं. आता सांगा, यातली मुक्त कोण? नाव राखणारी की नाव बदलणारी? एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. सरळ रेषेतली उत्तरं या विषयात मिळत नाहीत.

आता समुद्र ओलांडू. १३ जानेवारी १९०३ या दिवशी ‘गेलिक’ नावाची बोट होनोलुलूला लागली. तिच्यात सुमारे शंभर कोरियन माणसं होती. हवाईच्या उसाच्या मळ्यांवर मजूर हवे होते. अमेरिकेचे कोरियातले राजदूत होरेस ॲलन यांनी खटपट केली, आणि इंचॉन बंदराजवळच्या मेथॉडिस्ट चर्चमधल्या मिशनरी मंडळींनी लोकांची मनं वळवली. दोन-अडीच वर्षांत सात हजारांच्या आसपास लोक गेले. त्यात बायका सहाशेच्या घरात. बाकी बहुतेक एकटे पुरुष. १९०५ मध्ये ही वाट बंद झाली, त्याच वर्षी जपाननं कोरियाला आपल्या संरक्षणाखाली घेतलं आणि १९१० मध्ये देशच गिळला. मळ्यांवरची माणसं अडकली. मागे देश राहिला नाही, आणि पुढे नागरिकत्व नाही, कारण त्या काळच्या अमेरिकन कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्या आशियाई माणसाला तिथला नागरिक होता येत नसे.

मग संसार करायचा कसा? एक फट शिल्लक होती. नव्या मजुराला प्रवेश नव्हता, पण तिथे असलेल्या माणसाच्या बायकोला होता. त्यातून फोटोवरची लग्नं सुरू झाली. मळ्यावरून फोटो जायचा, मध्यस्थ तो गावात दाखवायचा, मुलगी होकार द्यायची, आणि बोटीत बसायची. १९१० ते १९२४ या काळात अशा सहाशे ते हजार कोरियन मुली गेल्या असा अंदाज आहे. फोटो बरेचदा जुना असायचा. धक्क्यावर उभा असलेला नवरा फोटोपेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठा निघायचा. काही मुली रडल्या, काहींनी परत जायचा हट्ट धरला. बहुतेक राहिल्या. परतून जाणार कुठे?

या मुलींना बिचाऱ्या म्हणून सोडून देऊ नका. अनेक जणी घरची गरिबी होती म्हणून निघाल्या, तशाच शिकायला मिळेल, सासूच्या हाताखाली राहावं लागणार नाही, म्हणूनही निघाल्या. मळ्यावर त्यांनी एकट्या पुरुषांचे कपडे धुतले, त्यांना जेवण करून घातलं, पैसे साठवले, मुलांना शाळेत घातलं. कोरियाच्या स्वातंत्र्यासाठी वर्गण्या जमवण्यातही त्या पुढे होत्या. थोडक्यात, हवाईतलं कोरियन कुटुंब कायद्याच्या एका फटीतून तयार झालं. १९२४ च्या कायद्यानं ती फटही बुजवली.

एका घराची गोष्ट सांगतो. आन चांग-हो हे कोरियन स्वातंत्र्यलढ्यातलं मोठं नाव. १९०२ मध्ये पत्नीसह ते सॅन फ्रान्सिस्कोला आले. पुढे दक्षिण कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड इथे संत्र्यांच्या बागांत मजुरी करणाऱ्या कोरियन लोकांची एक वसाहत त्यांनी उभी केली. देशासाठी त्यांचं सततचं जाणं-येणं चालू होतं. १९२६ मध्ये ते अमेरिका सोडून गेले ते परत आलेच नाहीत. १९३२ मध्ये शांघायमध्ये जपान्यांनी त्यांना पकडलं, आणि १९३८ मध्ये सोलमध्ये त्यांचा अंत झाला. त्यांचा धाकटा मुलगा ते गेल्यानंतर जन्मला. बापलेकांची भेट कधी झालीच नाही.

पाच मुलांचं घर आईनं चालवलं. थोरला मुलगा फिलिप हॉलिवुडमध्ये नट झाला. आणि दैव पाहा, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पडद्यावर त्याच्या वाट्याला क्रूर जपानी अधिकाऱ्यांच्या भूमिका आल्या. बाप जपान्यांच्या कैदेनं गेलेला, आणि मुलाचा चेहरा अमेरिकेला जपानी म्हणून चालला! मुलगी सुसान अमेरिकी नौदलात गेली. आधी तिला आशियाई म्हणून नाकारलं होतं. पुढे ती तोफांच्या नेमबाजीचं प्रशिक्षण देणारी अधिकारी झाली. १९४७ मध्ये तिनं फ्रान्सिस कडी या आयरिश वंशाच्या अमेरिकन सहकाऱ्याशी लग्न केलं. आईला ते पसंत नव्हतं. ही झाली संस्कृती. पण व्हर्जिनिया राज्याच्या कायद्यालाही ते पसंत नव्हतं. गोऱ्या आणि बिगरगोऱ्या माणसांचं लग्न तिथे गुन्हा होता, आणि तसे कायदे देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये रद्द ठरवले. आता सांगा, परंपरेत अडकलेलं कोण? कोरियन आई की अमेरिकन कायदा? आईचा राग निवळू शकतो. कायद्याला वीस वर्षं लागली.

आता कोरियन युद्ध. १९५० ते १९५३. लाखो माणसं मेली, देशाचे दोन तुकडे झाले, आणि दक्षिणेत अमेरिकन लष्कराचे तळ कायमचे राहिले. त्या तळांभोवतीच्या उपासमारीतून एक पदार्थ जन्मला, ‘बुदे जिगे’, शब्दशः लष्करी छावणीचं कालवण. छावणीतून आलेलं डबाबंद मांस आणि सॉसेज, त्यात आपलं तिखट आणि किमची. आज तो सोलमध्ये चवीनं खातात. आणि डबाबंद स्पॅम तर सणाला भेट म्हणून देतात, आपण दिवाळीला सुका मेवा देतो तसं. कोरिया आणि अमेरिका यांच्यामधला संसार नेमका इथे सुरू झाला, भुकेच्या ताटात.

त्याच तळांवरच्या सैनिकांशी कोरियन मुलींची लग्नं झाली. इतिहासकार जी-यन यू यांनी या बायकांवर महत्त्वाचं काम केलं आहे. १९५० ते १९८९ या काळात जवळजवळ एक लाख कोरियन बायका अमेरिकन सैनिकांच्या पत्नी म्हणून अमेरिकेला गेल्या. कोरियात त्यांना ‘यांगगोंगजू’ म्हणून हिणवत, म्हणजे गोऱ्यांची राजकन्या. मग ती छावणीच्या बाजारात काम करणारी असो की ऑफिसात टायपिंग करणारी, बोल सगळ्यांना सारखाच. माहेरानं तोंड फिरवलेलं, आणि सासर अमेरिकेतल्या एखाद्या आडगावात, जिथे दुसरं कोरियन माणूस नाही. यू यांनी घेतलेल्या मुलाखतींत जेवणाचा विषय फिरून फिरून येतो. घरात किमचीचा वास चालत नाही. मुलांशी इंग्रजीतच बोल, असा दंडक. म्हणजे आई मुलांशी तिच्या तोडक्यामोडक्या भाषेत बोलणार, आणि मुलं मोठी होता होता आईची भाषा कमी प्रतीची आहे असं शिकणार.

आणि मुलं. १९५५ मध्ये ओरेगॉन राज्यातले शेतकरी हॅरी होल्ट आणि त्यांची पत्नी बर्था यांनी आठ कोरियन मुलं दत्तक घेतली. त्यासाठी अमेरिकन काँग्रेसला खास कायदा करावा लागला. हेतू दयेचा होता, यात शंका नाही. पण एकदा वाट पडली की वाटेला स्वतःची गती येते. आधी युद्धात जन्मलेली मिश्र वंशाची मुलं गेली, मग गरिबांची, मग लग्नाशिवाय आई झालेल्या मुलींची. १९८० च्या दशकाच्या मध्याला, देश चांगला सधन होत असताना, वर्षाला आठ हजारांहून जास्त मुलं परदेशी जात होती. एकूण आकडा दोन लाखांच्या आसपास सांगतात, त्यातली सर्वांत जास्त अमेरिकेत.

इथे ती नोंदवही आठवा. परदेशी दत्तक द्यायचं तर मूल अनाथ हवं. म्हणून मुलाच्या नावानं नवी स्वतंत्र नोंद उघडायची. त्या नोंदीत कुटुंबप्रमुख कोण? ते मूलच. एकट्या बाळाचं कुटुंब! अनेकदा आई-बाप, निदान आई, जिवंत असताना हे व्हायचं. माणूस नात्यातच जन्माला येतो असं मानणाऱ्या समाजानं कागदावर नात्याशिवायचं माणूस तयार केलं. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून सांगतो, मला या सगळ्या इतिहासात याहून अस्वस्थ करणारी गोष्ट आढळलेली नाही.

दुसरी बाजूही तशीच. काही अमेरिकन पालकांनी दत्तक मुलाच्या नागरिकत्वाचे कागद पुरे केले नाहीत. २००० साली अमेरिकेनं अशा मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा केला, पण तो अमलात आला तेव्हा ज्यांची अठरा वर्षं उलटली होती ते बाहेर राहिले. त्यातल्या काहींना मध्यम वयात कोरियात हद्दपार केलं गेलं, भाषा येत नसताना. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांनी या मुलांची, म्हणजे आता मोठ्या झालेल्या माणसांची, माफी मागितली. २०२५ मध्ये कोरियाच्या सत्य आणि समेट आयोगानं दत्तक देण्याच्या या पद्धतीत मानवी हक्कांचं उल्लंघन झालं आणि त्याला सरकार जबाबदार होतं, असा निष्कर्ष काढला.

आता १९६५ चा कायदा. अमेरिकेनं देशनिहाय जुने कोटे मोडले आणि प्रवेशाचे दोन दरवाजे उघडले, एक कौशल्याचा आणि दुसरा नात्याचा. नात्याच्या दरवाजावर काही लोकप्रतिनिधींचा भर होता तो वेगळ्याच कारणानं. अमेरिकेत आहेत ते बहुतेक युरोपीय वंशाचे, तेव्हा त्यांचे नातेवाईकही युरोपातूनच येतील, असा हिशोब होता. पण युरोपातल्या नातेवाइकांना यायची तेवढी घाई नव्हती. आशियातल्यांना होती.

आणि कोरियन लोकांपैकी अमेरिकेत आधीपासून कोण होतं? बऱ्याच अंशी त्याच सैनिकांच्या बायका! त्या नागरिक झाल्या होत्या. त्यांनी आई-वडिलांना बोलावलं, भावंडांना बोलावलं, भावंडांनी आपल्या बायकापोरांना आणलं. १९७० च्या जनगणनेत सत्तर हजारांच्या आत असलेला समाज १९९० मध्ये आठ लाखांच्या घरात पोचला. डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी यांचाही यात मोठा वाटा आहे. पण जिचं नाव घरात काढायचं नाही, तिच्या सहीवर अनेक घरं अमेरिकेत उतरली, आणि उतरल्यावरही चर्चमध्ये तिच्याशी जेवढ्यास तेवढं वागली. हा हिशोब अजून फिटलेला नाही, असं मला वाटतं.

कायद्यानं नात्यांची जी यादी केली तीही बघण्यासारखी आहे. नवरा-बायको आणि लहान मुलं पहिली. नागरिकाचे आई-वडीलही कोट्याबाहेर. अविवाहित मुलगा रांगेत पुढे, विवाहित मुलगा मागे, भावंडं त्याहून मागे. आत्या, काका, वहिनी यांचा पत्ताच नाही. कोरियन घरात लग्न झालेला थोरला मुलगा म्हणजे घराचा खांब, पितरांचं करणारा. अमेरिकन कागदावर लग्न केल्याबरोबर तो रांगेत खाली घसरतो, कारण तिथला विचार असा की लग्न झालं म्हणजे त्याचं वेगळं कुटुंब सुरू झालं. एकच लग्न. इथे त्यानं माणूस कुटुंबात पुरा होतो, तिथे त्यानं कुटुंबाबाहेर पडतो.

आले, आता पोट भरायचं. सोलमध्ये बँकेत किंवा शाळेत नोकरी केलेला माणूस इंग्रजी येत नाही म्हणून न्यूयॉर्कमध्ये भाजीचं दुकान टाकतो. लाँड्री, नखं रंगवण्याची दुकानं, लॉस एंजेलिसमध्ये किराणा आणि दारू. भांडवल कुठून? ‘के’मधून. के म्हणजे आपली भिशी, अगदी तीच. दर महिन्याला सगळ्यांनी रक्कम टाकायची आणि एकेकानं पाळीनं उचलायची. तारण काय, तर शब्द. बँक ज्याला दारात उभं करत नव्हती, त्याला नात्यागोत्याच्या आणि चर्चच्या ओळखीनं उभं केलं. रविवारच्या प्रार्थनेनंतर भात, सूप आणि किमचीचं जेवण. तिथेच नोकरीची बातमी, तिथेच मुलांची कोरियन भाषेची शाळा. २०१२ च्या एका मोठ्या पाहणीत अमेरिकेतल्या कोरियन लोकांपैकी सुमारे सत्तर टक्के स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते, कोरियातल्या प्रमाणाच्या दुपटीहून जास्त. यात श्रद्धा आहेच, पण नातेवाईक मागे राहिलेल्या माणसाला भाऊबंद चर्चमध्येच मिळाले, हेही आहे.

दुकानात बायको बारा-बारा तास उभी. समाजशास्त्रज्ञ प्योंग गॅप मिन यांनी न्यूयॉर्कच्या या घरांचा अभ्यास केला. त्यांचं निरीक्षण असं की बायका कमवायला लागल्या, पण घरकामाची वाटणी फारशी बदलली नाही. नवरा मात्र बाहेर मान गेलेला, घरात मान मागणारा. मग मुलांसाठी कोरियातून आजीला बोलावायचं. ‘मिनारी’ हा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. अरकान्सासमधलं शेत आणि कोरियातून आलेली आजी. ती भूमिका करणाऱ्या युन यो-जंग यांना २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. त्या आजीच्या मागे अशा हजारो आज्या आहेत. नव्या देशात त्यांना ना भाषा, ना गाडी, ना मैत्रीण. पण त्यांच्याशिवाय दुकान चाललं नसतं.

आणि मुलं दुभाषी झाली. दहा वर्षांचं पोर बापाबरोबर बँकेत जातं, वकिलाकडे जातं, शाळेच्या पत्राचा अर्थ आईला सांगतं. इथे सगळी उतरंड उलटी झाली. कोरियन भाषेत क्रियापदाचं शेपूटच समोरच्याचा मान ठरवतं. आपलं ‘तू ये’, ‘तुम्ही या’, ‘आपण यावं’ आहे ना, त्याहून बारीक. वडीलधाऱ्याला ‘तू’ काय, ‘तुम्ही’ असं सर्वनामही लावत नाहीत. नात्यानं किंवा हुद्द्यानं संबोधतात. अमेरिकेत वाढलेलं मूल कोरियन शिकतं ते आईच्या मांडीवर, म्हणून त्याला जवळिकीचीच रूपं येतात. मग पाहुण्या आजोबांशी ते एकेरीत बोलतं आणि आईची मान खाली जाते. उलट हेच मूल शाळेत बाईंच्या नजरेला नजर देत नाही, कारण घरी तो उद्धटपणा. बाईंना वाटतं, काहीतरी लपवतोय. एकच मूल एकाच दिवसात दोन्हीकडे उद्धट ठरतं, आणि दोन्हीकडे त्यानं शिकवलेलंच केलेलं असतं.

लहानपणी कोरियातून आलेल्या या मुलांना त्यांनी स्वतःच एक नाव दिलं, ‘इल-जम-ओ-से’, म्हणजे दीडावी पिढी. पहिली नाही, दुसरी नाही. हे नाव मला फार खरं वाटतं.

२९ एप्रिल १९९२ ला या दीडाव्या पिढीची परीक्षा झाली. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण करणारे पोलीस सुटले आणि लॉस एंजेलिस पेटलं. कोरियन लोकांची दोन हजारांहून जास्त दुकानं लुटली वा जाळली गेली, नुकसान चाळीस कोटी डॉलरच्या आसपास. त्याआधी वर्षभर, मार्च १९९१ मध्ये, एका कोरियन दुकानदार बाईनं संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून झालेल्या वादात लटाशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला गोळी घातली होती, आणि न्यायालयानं त्या बाईला तुरुंगात पाठवलं नव्हतं. तो राग शहरात साचलेला होता. कोरियन लोक या घटनेला नुसतं ‘सा-इ-गू’ म्हणतात, चार-दोन-नऊ, तारखेचे आकडे. पोलीस वाचवायला आले नाहीत, आणि दूरदर्शनवर बाजू मांडायला इंग्रजी बोलणारा वडीलधारा नव्हता. मग मुलं बोलली. वकील अँजेला ओह यांच्यासारख्या अमेरिकेत वाढलेल्या तरुण मंडळींनी आपली बाजू मांडली. आणि आई-बापांना एक कठीण गोष्ट सांगितली, की आपल्या घरापुरतं पाहून या देशात भागणार नाही. शेजारी कोण आहे आणि तो आपल्याला कसा पाहतो, हाही घरचाच प्रश्न आहे.

पुढे वारं फिरलं. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून सुखवस्तू कोरियन घरांत नवी रीत आली. इंग्रजी शिक्षणासाठी आई मुलांना घेऊन अमेरिकेत, बाप सोलमध्ये एकटा कमावतो, वर्षातून एक-दोनदा भेटून येतो. त्याला ‘किरोगी आप्पा’ म्हणतात, रानहंस बाबा. शंभर वर्षांपूर्वी हवाईत पुरुष एकटा होता, आता सोलमध्ये. आणि खुद्द कोरियात काय झालं? २००५ मध्ये घटना न्यायालयानं कुटुंबप्रमुखाची ती पद्धत घटनेशी विसंगत ठरवली आणि १ जानेवारी २००८ पासून ती गेली. म्हणजे अमेरिकेतलं एखादं वयस्क जोडपं १९७५ चं कोरिया घरात जपून बसलेलं असतं, आणि तिकडे कोरिया केव्हाच पुढे गेलेला असतो. सोडून आलेल्या माणसाचं घड्याळ निघाल्या दिवशी थांबतं.

आता आपल्याबद्दल एकच गोष्ट बोलतो. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत असतील. ती गेली त्याच १९६५ च्या कायद्यानं उघडलेल्या दारातून, बहुतांशी कौशल्याच्या. तुम्ही सुनेच्या किंवा मुलीच्या बाळंतपणाला जाता ते पर्यटकाच्या व्हिसावर, बहुधा सहा महिने. नातवाच्या अंगाला तेल लावणारी आजी कागदावर पर्यटक असते! याला संस्कृतीचा संघर्ष म्हणणार का? मुलगा बदलला, सून बदलली, असं आपण सहज म्हणतो. थोडं थांबून विचारावं, की त्यांच्या घराचा आकार त्यांनी ठरवला, की कुठल्या तरी रकान्यानं?

कन्फ्यूशियसचा एक विचार मी वर्गात नेहमी सांगत असे. नावं बरोबर असली पाहिजेत. ज्याला बाप म्हणतो तो बाप असला पाहिजे, ज्याला मुलगा म्हणतो तो मुलगा. कोरियन-अमेरिकन माणसांचा शंभरेक वर्षांचा इतिहास त्यात एक भर घालतो. नाव नुसतं वागण्यानं बरोबर होत नाही. त्याला कुणीतरी कागदावर जागा द्यावी लागते. जागा मिळाली नाही, तर माणसं आपल्या परीनं ती तयार करतात: जुन्या फोटोतून, भिशीतून, चर्चच्या जेवणातून, दुभाषा झालेल्या पोराच्या बोलण्यातून. ती जिद्द मोठी आहे. पण ज्यांना ती जागा शेवटपर्यंत मिळाली नाही, छावणीतून गेलेल्या बायका आणि एकट्याच्या नोंदीवर पाठवलेली मुलं, त्यांचीही दखल घेतल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.